भंगारात देण्याआधी विचारतोय: डीव्हीडी रायटरचं एक खोकं आहे

खडेबाजार रिपेअर

दुकानाच्या माळ्यावरचं एक खोकं काल खाली काढलं. आत सव्वीस डिस्क ड्राइव्ह निघाले. नऊ जुने, रुंद पट्टीच्या केबलचे. बाकीचे साटा, म्हणजे नंतरच्या अरुंद केबलचे, आणि त्यांतले आठ लॅपटॉपमधले पातळ. बहुतेक गिऱ्हाइकांनीच सोडून दिलेले. लॅपटॉप हळू चालतोय म्हणून आला की मी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) घालायचो, जुनी हार्ड डिस्क कॅडीत, म्हणजे ड्राइव्हच्या मापाच्या चौकटीत, बसवून ड्राइव्हच्या जागी सरकवायचो आणि काढलेला ड्राइव्ह समोर ठेवायचो. ‘ठेवा की तुमच्याकडंच, आता कोण सीडी लावतंय,’ हेच उत्तर यायचं.

सोमवारी भंगारवाला येतो. किलोवर जातील. खरं रात्रभर मन तयार होईना. गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या घरांतली माणसं सीडी घेऊन आली होती. एकाची मुलीच्या लग्नाची, एकाची भजनी मंडळाच्या एकादशीची, एकाची वडिलांच्या निवृत्तीच्या सत्काराची. तिघांच्याही घरी मोठा टीव्ही आहे, फायबर आहे, नवा लॅपटॉप आहे. सीडी घालायला जागा मात्र कुठंच नाही.

हा बदल मी काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलाय. २००८ च्या जानेवारीत अ‍ॅपलनं कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला, त्यात ड्राइव्हच नव्हता. असला लॅपटॉप कोण घेणार, असं आम्ही दुकानदार बोलत होतो. २०१२ ला विंडोज ८ आलं आणि डीव्हीडी चालवायची सोय त्यातून गेली. लोक ‘ड्राइव्ह बिघडला’ म्हणून यायचे. ड्राइव्ह धडधाकट असायचा, व्हीएलसी हा फुकटचा प्लेयर घालून दिला की काम व्हायचं. २०१५ च्या फेब्रुवारीत आपल्या बेळगावात ९५ वं नाट्यसंमेलन झालं. त्या दिवसांत मी नाटकांच्या तीन डीव्हीडी घेतल्या, ती माझी शेवटची खरेदी. त्याच महिन्यात हॉटस्टार सुरू झालं. पुढच्या वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरात जिओ आलं. कोऱ्या डीव्हीडीचा पन्नासाचा डबा मला महिनाभर पुरत नसे. जिओनंतर आणलेला डबा वर्षभर संपला नाही.

तर प्रश्न साधा आहे. हे ड्राइव्ह कुणाच्या कामाचे आहेत का? की देऊन टाकू?

पुणेस्थित शहापूरकर

देऊन टाका दादा. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पिक्चर, नाटकं, अभंग, सगळं नेटवर आहे. माझ्या आईला साठाव्या वर्षी यूट्यूबवर कीर्तन शोधता येतं. तिला व्हीसीडी (व्हिडिओची सीडी) प्लेयर कधी नीट लावता आला नाही. दर वेळी कुणाला तरी हाक मारायची, पिवळी-लाल-पांढरी पिन बदलून द्यायला लागायची. पहिली डिस्क संपली की दुसरी घाला. मधेच अडकली की साडीच्या पदरानं पुसा. त्या त्रासातून बायकांची आणि म्हाताऱ्या माणसांची सुटका झाली, हे मोठं काम झालंय. नेटफ्लिक्सचं पोट सुरुवातीला टपालानं डीव्हीडी पाठवण्यावर चालायचं. २९ सप्टेंबर २०२३ ला त्यांनीच शेवटची डीव्हीडी पाठवली. ज्यांनी धंदा वाढवला त्यांनीच बंद केला, मग आपण कशाला जपायचं?

मिक्सिंगवाला निपाणी

शहापूरकर, तुमच्या आईंचं खरं आहे. मी तेवीस वर्षं लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग (शूटिंगची जोडणी) केलं, त्यामुळं डिस्कचा त्रास मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. खरं तुम्ही बाजारातल्या पिक्चरबद्दल बोलताय. मी घरातल्याबद्दल बोलतो.

आधी बाजाराचं सांगतो. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं पिक्चरची व्हीसीडी २८ रुपयाला आणि डीव्हीडी ३४ रुपयाला आणली. त्याआधी आमच्याकडं लोक लायब्ररीतून भाड्यानं न्यायचे. तो भाव आल्यावर भाडं आणि विकत यात फरकच उरला नाही, आणि चिकोडी-संकेश्वरच्या बाजारात मराठी पिक्चरचे ढीग लागले. आमच्या सीमाभागात मराठी पिक्चर थेटरात आठवडाभर टिकणं अवघड, त्यामुळं त्या ढिगाचं आम्हाला फार अप्रूप होतं. तीच मोझर बेअर २०१८ मध्ये मोडीत निघाली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीनं कोऱ्या ब्लू-रे बनवणं थांबवलं. ते सगळं आता स्ट्रीमिंगवर आहे, कबूल.

आता घरातलं. एकेका लग्नाच्या मी चार-चार सेट केलेत. मुलीकडं एक, मुलाकडं एक, मामाकडं एक, माझ्याकडं एक. माझ्याकडचे सेट २०१९ च्या पुरात भिजून गेले. मूळ टेपा मी आधीच पुसून परत वापरल्या होत्या, कारण टेप महाग होती. म्हणजे त्या लग्नांची दुनियेत जी काही प्रत आहे ती त्या लोकांच्या कपाटातच आहे. ती कुठल्याही ॲपवर नाही, येणारही नाही. तुमची आई यूट्यूबवर कीर्तन शोधते, तिच्या स्वतःच्या लग्नात तिच्या आजीनं म्हटलेला उखाणा तिला तिथं सापडेल का?

आणि एक चूक माझ्या धंद्यानं केलीय, ती इथं सांगून ठेवतो. सीडीवर आम्ही नवरा-नवरीच्या फोटोचं गोल स्टिकर चिकटवायचो. लोकांना फार आवडायचं. आता ती स्टिकरं कडेनं उकलतायत आणि लोक ती ओढून काढतात. सीडीचं स्टिकर कधीही ओढू नका. सीडीत चमकणारा थर वरच्या बाजूला, लॅकरच्या पातळ आवरणाखाली असतो. स्टिकरबरोबर तो थर सालपटासारखा निघतो आणि त्यावरचं सगळं गेलं म्हणून समजा. डीव्हीडीत हा थर दोन प्लास्टिकच्या मधोमध असतो, तिथं एवढी भीती नाही. पण स्टिकरनं डिस्क एका बाजूला जड होते आणि वेगात फिरताना थरथरते. म्हणून वाचायचा वेग कमी ठेवायचा.

खडेबाजार दादा, ते ड्राइव्ह देऊ नका.

उचगावकर

मिक्सिंगवाले काका, तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. आमच्याकडं घरचंच नाही, गावचंही अडकलंय.

आपल्याकडं हिवाळ्यात गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. उचगाव, कडोली, येळ्ळूर, कुद्रेमनी, तिकडं निपाणीच्या बाजूला कारदगा. ग्रंथदिंडी निघते, शाळेची पोरं लेझीम खेळतात, दुपारी कथाकथन, संध्याकाळी कविसंमेलन. हे सरकारी पैशावर चालत नाही, गाव वर्गणी काढून करतं. कुणीतरी हौशीनं शूटिंग करायचं आणि दोन डीव्हीडी कार्यकर्त्यांकडं द्यायचं. आमच्या वाचनालयाच्या कपाटात अशा एकोणीस डिस्क आहेत, २००४ पासूनच्या. त्यांत जे वक्ते आहेत त्यांतले निम्मे आज नाहीत. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात असलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला आम्ही व्यासपीठावर बोलतं केलं होतं, पाऊण तास. ते एका सीडीवर आहे. पुस्तकात ते कुणी लिहिलं नाही.

गेल्या वर्षी कार्यकर्त्यांनी ठरवलं की पेनड्राइव्हवर घेऊ. वाचनालयाच्या नव्या पीसीच्या कॅबिनेटला पुढं ड्राइव्हची खाचच नाही. विषय तिथंच थांबला. एक ड्राइव्ह मला पाहिजे. पैसे सांगा.

पुणेस्थित शहापूरकर

मी घरातल्या डिस्कचा विचारच केला नव्हता. काका, माझं मत मागं घेतो. आमच्या लग्नाचा सेटही शहापूरच्या घरी माळ्यावर असेल. गणपतीला आलो की शोधतो.

पण एक शंका. ड्राइव्ह गेले याचं सगळं खापर स्ट्रीमिंगवर का? माझ्या मते पेनड्राइव्हनं आधी मारलं. ऑफिसमध्ये आम्ही २०१० नंतर सीडी राइट केल्याचं मला आठवत नाही.

खडेबाजार रिपेअर

बरोबर आहे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल इकडून तिकडं न्यायचं काम पेनड्राइव्हनं घेतलं. ७०० एमबीच्या सीडीपुढं आठ जीबीचा पेनड्राइव्ह, तोही हजारदा पुसून वापरता येतो. सॉफ्टवेअर डाउनलोड व्हायला लागलं, सीडीचं तेही काम गेलं. तरीसुद्धा लोक लॅपटॉप घेताना ‘ड्राइव्ह आहे ना?’ विचारायचे, आणि ते फक्त एका कारणासाठी: रात्री पिक्चर बघायला. तेवढा एक खांब राहिला होता. स्ट्रीमिंगनं तो काढला. त्यानंतर कंपन्यांना लॅपटॉप पातळ करायला कुणाची आडकाठी राहिली नाही. तो पातळ ड्राइव्ह साडेनऊ-साडेबारा मिलिमीटर जाडीचा असतो, आजचे कित्येक अख्खे लॅपटॉप दीड-दोन सेंटिमीटरचे आहेत.

उचगावकर, पैसे नकोत. आधी तपासून देतो.

टिळकवाडी सिनेमावेडा

थोडं वेगळं. डिस्कवर मला प्रेम चित्रासाठी आहे. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा मिळते. नेटफ्लिक्स सर्वांत वरच्या दर्जासाठी १५ मेगाबिटची लाइन पुरे म्हणतं. अंधारातली दृश्यं, पाऊस, धूर, तिथं फरक डोळ्यांना दिसतो. आणि विकत घेतलेली डिस्क माझीच राहते. ॲपवरचा पिक्चर करार संपला की एका रात्रीत जातो. दोनदा अनुभव घेतलाय, दोन्ही जुने मराठी पिक्चर होते.

जांबोटीची लेक

नमस्कार. हा धागा रात्री वाचला आणि झोपच लागली नाही. मदत हवी आहे.

आमचं गाव जांबोटी आणि कणकुंबीच्या मधे. २००७ च्या पावसाळ्यात मुंबईचे मामा आले होते, त्यांच्याकडं डिस्कवर रेकॉर्ड होणारा हँडीकॅम होता. त्यांनी आजीला जात्यावर बसवून ओव्या म्हणायला लावल्या होत्या. आजी २०११ मध्ये गेली. मामांचा कॅमेरा केव्हाच विकला. डिस्क माझ्याकडं आहे, नेहमीच्या सीडीपेक्षा लहान, तळहातात मावते. दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या लॅपटॉपमध्ये घातली तर ‘डिस्क कोरी आहे’ असं आलं. मी रडून ठेवून दिली. खरंच कोरी असेल का? इथं बेंगळुरूत मैत्रिणीकडं बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आहे, ट्रे नसलेला, फटीत सरकवायचा. त्यात परत घालून बघू का?

खडेबाजार रिपेअर

ताई, त्या फटीच्या ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. ती ८ सेंटिमीटरची मिनी-डीव्हीडी आहे. फटीचे बहुतेक ड्राइव्ह १२ सेंटिमीटरसाठीच असतात, लहान डिस्क आत अडकते आणि काढताना चरे पडतात. तिला ट्रेचाच ड्राइव्ह लागतो. ट्रेच्या मधे एक लहान गोल खोलगट भाग असतो बघा, तो ह्याच डिस्कसाठी.

मिक्सिंगवाला निपाणी

आणि कोरी नसणार, बाळ. त्या कॅमेऱ्यांत शूटिंग झालं की डिस्क ‘फायनलाइझ’ करावी लागायची. म्हणजे कुठं काय लिहिलंय याची अनुक्रमणिका डिस्कवर पक्की करायची. बहुतेकांना ते माहीतच नव्हतं. अनुक्रमणिका नसली की कॉम्प्युटर म्हणतो, कोरी आहे. पुस्तकाची पानं भरलेली आहेत, फक्त सुरुवातीचं अनुक्रमणिकेचं पान लिहायचं राहिलंय. डिस्क उजेडाकडं तिरकी धरून खालची बाजू बघ. आतल्या बाजूला थोडा गडद पट्टा दिसतोय आणि बाहेर फिकं? गडद आहे तिथं लिहिलेलं आहे. लिहिणं आतून बाहेर जातं.

जांबोटीची लेक

आत्ताच बघितलं. गडद आहे. जवळजवळ कडेपर्यंत गडद आहे.

मिक्सिंगवाला निपाणी

मग आजी आत आहे. धीर धर.

खडेबाजार रिपेअर

ताई, गावी कधी येताय? आयसोबस्टर म्हणून एक प्रोग्रॅम आहे, तो अनुक्रमणिका नसलेली डिस्कही वाचतो. पण ड्राइव्हनं साथ दिली पाहिजे. सव्वीसातला कोणता देईल ते बघायला लागेल. कुरिअरनं पाठवू नका, हातानं आणा. उन्हात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, राइट केलेल्या डिस्कमधला रंग उन्हानं उडतो.

उचगावकर

ताई, मधल्या काळात मामांना विचारा, अजून डिस्क असतील. त्या लहान डिस्कवर १.४ जीबी मावतं, म्हणजे चांगल्या दर्जात अर्धाच तास. पावसाळाभर राहिले असतील तर एकात भागलं नसेल.

जांबोटीची लेक

मामा म्हणाले एकच होती. शनिवारी येतेय. आमच्याकडं अजून रेंजसाठी घरामागच्या टेकाडावर जावं लागतं, म्हणून दोन दिवस उत्तर देणार नाही. (ज्यांना वाटतं सगळं नेटवर आहे त्यांनी एकदा पावसाळ्यात आमच्याकडं यावं. आमच्या घरी अजून डीव्हीडी प्लेयर चालू आहे, आई त्याच्यावरच नाटक बघते.)

खडेबाजार रिपेअर

तोवर सगळे ड्राइव्ह तपासून घेतले. कुणाच्या घरी जुना पीसी पडून असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

सव्वीसातले अकरा ट्रेच उघडेनात. घाबरायचं कारण नाही. ट्रे एका लहान रबरी पट्ट्यावर चालतो, वर्षानुवर्षं बंद राहून तो सैल किंवा कडक होतो. पुढच्या पट्टीवर टाचणीएवढं भोक असतं. वीज बंद करून सरळ केलेली कागदाची पिन त्यात दाबली की ट्रे बाहेर येतो. पट्टा काढून गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवला की थोडे दिवस परत पकडतो. सात असे सुरू झाले.

दुसरं, एकच डिस्क घालून ड्राइव्ह मेला म्हणू नका. डीव्हीडी रायटरमध्ये सीडीसाठी वेगळा लेझर असतो, ७८० नॅनोमीटरचा, आणि डीव्हीडीसाठी वेगळा, ६५० चा. एक थकला तरी दुसरा चालतो. माझ्याकडं तीन ड्राइव्ह असे आहेत जे डीव्हीडी झकास वाचतात आणि सीडी दाखवतच नाहीत.

सगळं धरून सतरा चांगले आहेत. तीन फक्त डीव्हीडीपुरते, दोन फक्त सीडीपुरते. चार गेले.

मिक्सिंगवाला निपाणी

छान काम केलंत. मी कॉपी करण्याबद्दल लिहितो, कारण इथंच लोक चुकतात.

डीव्हीडीची सरळ आयसो प्रत काढा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल. व्हीसीडीची मात्र आयसो काढू नका. व्हीसीडीत व्हिडिओ जास्त मावावा म्हणून चूक दुरुस्त करायची जागाही चित्रालाच दिलेली असते, साध्या आयसोत तो भाग नीट येत नाही. बिन आणि क्यू अशा दोन फाइलींच्या जोडीची प्रत काढा, नाहीतर एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधल्या डॅट फाइल उचला, व्हीएलसीत चालतात. चरा असला की विंडोजची साधी कॉपी तिथं अडकते आणि सगळंच सोडून देते. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते वाचता येतं तेवढं आधी घेतं आणि अडलेल्या जागी नंतर परत परत जातं. मी एका मुलीच्या बारशाची सीडी रात्रभर लावून ठेवली होती, सकाळी सगळी आली होती.

पुसताना मऊ सुती कापड, मधून सरळ बाहेर. गोल गोल नाही. माहिती गोल वाटेनं लिहिलेली असते. चरा त्या वाटेच्या आडवा गेला तर ड्राइव्ह निभावून नेतो, वाटेच्या बरोबरीनं गेला तर सलग माहिती जाते.

आणि प्रत काढली म्हणून डिस्क फेकू नका.

खडेबाजार रिपेअर

जांबोटीच्या ताई शनिवारी दुपारी आल्या, आईलाही घेऊन.

पहिल्या ड्राइव्हनं कोरी म्हटलं. दुसऱ्यानंही. तिसरा नुसता घुं-घुं करत राहिला. चौथा २००९ च्या सुमाराचा, रुंद केबलचा, ज्याला मी सर्वांत आधी भंगारात टाकणार होतो. त्यात घातली आणि आयसोबस्टरमध्ये यादी आली. सव्वादोन तास लागले. बाहेरच्या कडेला चरे होते, शेवटचं काही मिळालं नाही. चोवीस मिनिटं मिळाली. चित्र हिरवट आहे, आवाज स्वच्छ आहे.

पुढचं ताईंनी लिहावं.

जांबोटीची लेक

काय लिहू कळत नाही. आजी आधी दोन मिनिटं म्हणतच नाही, ‘मला नाही येत, तू जा’ म्हणून मामांना हाकलते. मग जातं फिरवायला लागते आणि एकदम सुरू होते. कौलांवर पाऊस वाजतोय. मधेच कुणीतरी विचारतं, म्हशीला पेंड घातली का, ती ओवी न थांबवता मानेनंच हो म्हणते. मी तेव्हा पाचवीत होते, माझी वेणी आणि अर्धा खांदा चित्रात दिसतो. तिचा आवाज मी विसरले होते. मला वाटत होतं आठवतोय, पण मी दुसराच आवाज आठवत होते.

एक ओवी आईनं दुकानातच कागदावर उतरवून घेतली:

पहिली माझी ओवी मलप्रभेच्या पाण्याला
कणकुंबीची वाट बाई लागे माझ्या माहेराला

अकरा ओव्या आहेत. बाकीच्या लिहितेय. कार्डवर एक, हार्ड डिस्कवर एक, भावाकडं एक अशा तीन प्रती केल्या. दादांनी पैसे घेतले नाहीत. काका, तुम्ही ‘आजी आत आहे’ लिहिलंत ते मी प्रवासभर वाचत होते.

मिक्सिंगवाला निपाणी

वाचलं. डोळे भरून आले, बाळ. त्या ओव्या इथं लिही.

उचगावकर

मला पण ऐकायच्या आहेत, ताई. दादा, आमच्या एकोणीस डिस्क घेऊन मी कधी येऊ?

खडेबाजार रिपेअर

बुधवारी या, दिवसभर लागेल. जेवण घरी आहे.

भंगारवाल्याला फक्त चार दिले, तेही पट्टे आणि स्क्रू काढून घेऊन. बाकीच्यांचं असं करतोय: उचगावच्या वाचनालयाला एक, साटा ते यूएसबी जोडणीसह. निपाणीला काकांकडं दोन, म्हणजे त्या बाजूच्या लोकांना बेळगावपर्यंत यायला नको. खानापूरला ओळखीच्या एका दुकानदाराकडं दोन ठेवतो, जांबोटी-लोंढा बाजूसाठी. चौथा ड्राइव्ह, तो २००९ चा, माझ्या टेबलावर कायमचा जोडून ठेवलाय.

डिस्क घेऊन येणाऱ्यांनी रविवार सोडून कधीही यावं. येण्याआधी डिस्क पुसू नका, स्टिकरला हात लावू नका, आहे तशी आणा.